एअर रायफल: छर्रा कोणता, हवा किती? इंदूरच्या नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर या भागांतली बरीच मराठी मुलं आता दहा मीटर एअर रायफलकडे वळली आहेत. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे उत्तर ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या रायफलसाठी आहे. तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेचाच धरा.

१. स्वप्नील कुसाळेंचं पदक पाहून मुलगा मागे लागलाय. त्यांच्यासारख्या गोळ्या आणायच्या का?

नाही. कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये. त्या रायफलला .२२ लाँग रायफल काडतूस लागतं. त्यात बंदुकीची दारू असते आणि त्यासाठी परवाना लागतो. दहा मीटर एअर रायफलला लागतो तो छर्रा, म्हणजे कमरेला बारीक असलेला शिशाचा छोटा तुकडा. त्याला ढकलते ती फक्त दाबलेली हवा. सुरुवात इथूनच करावी. श्वास, पकड, ट्रिगर हे सगळं दहा मीटरवर पक्कं झालं की पुढे पन्नास मीटरला ते कामी येतं.

२. एअर रायफलला लायसन्स लागतं का?

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळी ०.१७७ पेक्षा मोठी नसेल आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की लागतो. मॅच रायफल या मर्यादेच्या खूप खाली असते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला, तर ऊर्जा भरते सुमारे ७.७ ज्यूल (वजन किलोमध्ये × वेगाचा वर्ग ÷ २).

फसगत होते ती खोक्यावर '१००० फूट प्रति सेकंद' छापलेल्या रायफली घेताना. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. एवढा वेग ०.४५ ग्रॅमच्या छर्ऱ्याला खरोखर मिळाला, तर ऊर्जा २० ज्यूलच्या वर जाते. जाहिरातीतला आकडा बहुधा अगदी हलक्या छर्ऱ्याचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका. कागदावर ज्यूल किती लिहिलेत ते बघा आणि बिल जपून ठेवा. रेंजवर नेताना रायफल बंद केसमध्येच असावी.

३. मोठ्या रायफलची काडतुसं घरी भरून सराव स्वस्तात होतो, असं व्हिडिओत दाखवतात. आपल्याकडे करता येईल का?

करू नका. .२२ लाँग रायफलचं काडतूस तर पुन्हा भरताच येत नाही. त्याचा पेट घेणारा मसाला कवचाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिनने ती कड एकदा चेपली की संपलं. इतर काडतुसं भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. ज्या देशांत हे कायद्याने चालतं, तिथली जाणती माणसंसुद्धा दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करतात. तक्त्यात जी गोळी, जे कवच आणि जी दारू असेल तीच वापरतात आणि माप थोडं थोडंच वाढवतात. दुसऱ्याच्या रायफलला चाललेलं माप ते उचलत नाहीत, कारण दाब सरळ रेषेत वाढत नाही. शेवटच्या टप्प्यावर तो अचानक उसळतो. हवेच्या रायफललाही हीच शिस्त लागते (प्रश्न ८ आणि ९).

४. छर्रा कोणत्या वजनाचा घ्यावा?

मॅच रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपास, सपाट तोंडाचा. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच आणि चियांग युआन या चारही नावांत हे वजन मिळतं. ०.४५ ग्रॅमचे छर्रे मुख्यतः पिस्तुलासाठी असतात. कमी ताकदीच्या, नळी वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलला मात्र ०.४५ ते ०.५१ मधला हलका छर्रा जास्त मानवतो.

सपाट तोंडच का? ते कागदात कातरल्यासारखं गोल भोक पाडतं, म्हणून गुण नीट मोजता येतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि दहा मीटरवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

५. डबीवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. त्यानं काय फरक पडतो?

तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास आहे. ४.४८ पासून ४.५१ पर्यंतची मापं सहज मिळतात. प्रत्येक नळी केसभर वेगळी निघते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन रायफलींना वेगवेगळं माप जुळू शकतं. मैत्रिणीच्या रायफलला ४.५० लागतो म्हणून तुम्हालाही तोच लागेल, असं नाही. सुरुवातीला ४.४९ आणि ४.५० ची एकेक डबी घ्या आणि प्रश्न ६ मधली चाचणी करा.

बोटालाही थोडं कळतं. छर्रा नळीच्या तोंडाशी ठेवल्यावर आपोआप आत घरंगळला, तर माप लहान आहे. अंगठ्याने जोर लावावा लागला, तर मोठं. पण शेवटचा निकाल कागदच देतो.

६. चाचणी घरच्या घरी कशी करायची? कोच म्हणतात 'क्लॅम्पमध्ये लाव', पण म्हणजे नक्की काय?

क्लॅम्पचा हेतू एवढाच की माणसाची थरथर बाजूला निघावी आणि नळी व छर्रा यांचं जमतं का ते कळावं. हवेच्या सिलिंडरच्या रायफलसाठी कामाची रीत अशी.

रायफल अ‍ॅक्शनला (नळी आणि ट्रिगर बसवलेल्या मधल्या भागाला) धरून, मध्ये रबर घालून बसवा. सिलिंडरला कधीही क्लॅम्प लावू नका. त्यावर चरा उठला तरी तो सिलिंडर बाद समजा. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या दोन पिशव्यांवर टेकवून, बसून मारलं तरी चालतं. गट (कार्डावरच्या भोकांचा पसारा) थोडे मोठे येतील, पण डब्यांची आपसांतली तुलना होते.

सिलिंडरमधला हवेचा दाब १५० ते १८० बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये असताना सगळी चाचणी उरका, म्हणजे दाबाचा फरक मध्ये येत नाही. डबी बदलली की पहिले १० ते १५ छर्रे मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या छर्ऱ्याचं शिसं आणि वंगण असतं, ते बसू द्यावं लागतं.

मग प्रत्येक डबीचे दहा-दहा छर्रे एकेका कार्डावर. क्रम अ, ब, क, ड असा घ्या आणि दुसऱ्या फेरीत उलट, ड, क, ब, अ. नाहीतर पहिल्या डबीला थंड नळी मिळते आणि शेवटच्या डबीला थकलेला माणूस. प्रत्येक डबीची निदान तीन कार्डं हवीत. पाच छर्ऱ्यांच्या एका सुंदर गटावर डबी ठरवणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. पाचात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. दुसऱ्या दिवशी तीच डबी तसाच गट देत नाही, आणि मग दोष मुलीच्या पकडीला दिला जातो.

कार्डावर लगेच पेनाने कंपनी, माप, लॉट नंबर (डबीवरचा कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) आणि दाब लिहा. घरी जाऊन आठवत नाही.

एक अपवाद. स्प्रिंगची रायफल घट्ट क्लॅम्पमध्ये लावू नका. तिचा पिस्टन पुढे-मागे आपटतो, त्यामुळे घट्ट धरलं की ती वेगळीच मारते. ती पिशवीवर तळहात ठेवून, सैल हातानेच तपासा.

७. किती लहान गट आला म्हणजे छर्रा चांगला?

दहा छर्ऱ्यांच्या भोकांचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. उरलेलं अंतर म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचा गट. बाहेरून ६.५ मिलिमीटर आला, तर गट २ मिलिमीटरचा.

आता हे गुणांत बघा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांत प्रत्येक ०.१ साठी ०.२५ मिलिमीटर मिळतात. छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरवर असेल तर १०.०, एक मिलिमीटरवर असेल तर १०.६. म्हणजे २ मिलिमीटरचा गट देणारी डबी असेल, तर अगदी बिनचूक नेम धरूनही एखादा छर्रा १०.६ देणार. ३ मिलिमीटरच्या डबीने तोच १०.४ वर येतो. ६० छर्ऱ्यांच्या स्पर्धेत कमाल गुण ६५४ असतात आणि तिथे हा फरक दिसतो. पण जो मुलगा अजून नऊच्या आत-बाहेर मारतोय, त्याला महाग डबीने काही होणार नाही. त्याला साधी सरावाची डबी द्या.

८. वेग वाढवला तर छर्रा सरळ जाईल ना? स्क्रू फिरवून वाढवता येतो असं ऐकलं.

हात लावू नका. दहा मीटर अंतर छर्रा साधारण ०.०६ सेकंदात कापतो आणि तेवढ्यात सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. साइट (नेम धरायचं साधन) त्याच हिशेबाने लावलेली असते, त्यामुळे किती खाली येतो याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते दर वेळी सारखंच खाली येण्याला. एक छर्रा १७० ने गेला आणि पुढचा १६७ ने, तर दुसरा कागदावर सुमारे ०.६ मिलिमीटर खाली लागतो. म्हणजे दोन-अडीच दशांश गुण गेले, आणि त्यात नेमबाजाची काही चूक नाही.

कारखान्यातून मॅच रायफल सेकंदाला १७० ते १७५ मीटरच्या आसपास लावून येते. वेग वाढवला की झटका वाढतो, व्हॉल्व्हवर ताण येतो, हवा लवकर संपते आणि बहुतेक वेळा गट मोठा होतो. क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, मिळत असेल तर दहा छर्ऱ्यांचा वेग लिहून घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दोन-तीन मीटरचा फरक असेल तर रेग्युलेटर (दर छर्ऱ्याला सारख्याच दाबाची हवा देणारा भाग) ठीक आहे. त्याहून खूप जास्त असेल, किंवा पहिला छर्रा रोज वेगळा जात असेल, तर रायफल सर्व्हिसला द्या. स्क्रू हे त्यावरचं उत्तर नव्हे.

९. सिलिंडर किती आणि कसा भरायचा?

सिलिंडरवर जो आकडा कोरला आहे तिथपर्यंत. मॅच रायफलींना बहुधा २०० बार असतो. थोडा कमी भरला तर काहीही बिघडत नाही, जास्त कधीच नाही. नवशिक्याने १८० वर थांबायची सवय लावावी.

सिलिंडर रायफलवरून काढा. तो मोठ्या टाकीला जोडणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचं तोंड आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) स्वच्छ आहे ना ते पाहा, कारण वाळूचा एक कणसुद्धा गळती देतो. हाताने घट्ट बसवा, पान्हा नको. मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा, इतका की हवेचा बारीक सूं आवाज यावा. दाबाचा काटा सावकाश चढला पाहिजे. रिकामा सिलिंडर भरायला एक-दोन मिनिटं लागू द्या. भरला की आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, मग मधली हवा सोडण्याचा स्क्रू सैल करा आणि त्यानंतरच सिलिंडर काढा. हा क्रम उलटा झाला तर अ‍ॅडॅप्टर हातातून उडतो. तुमचं तोंड सिलिंडरच्या समोर नको आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

टाकी ३०० बारची असेल तर दुप्पट जपा. ती २०० च्या सिलिंडरला स्वतःहून थांबवत नाही. थांबवणारा तुमचा हात आणि काट्यावरची नजर.

हातपंपानेही भरता येतो. दर ४०-५० दट्ट्यांनंतर थांबून पंप थंड होऊ द्या आणि साचलेलं पाणी सोडून द्या.

१०. रात्री २०० भरला, सकाळी १८७ दिसतोय. गळतोय का?

बहुधा नाही. भरताना हवा तापते. ४५ अंशांवर काटा २०० दाखवत असेल आणि सिलिंडर २४ अंशांच्या खोलीत निवला, तर तो १८७ च्या आसपास येणारच. त्यानंतर तो तिथेच टिकला तर सगळं ठीक. आणखी दोन दिवसांत उतरतच राहिला, तर ओ-रिंग पाहा.

उलटी बाजू जास्त गंभीर आहे. २० अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर ५० अंशांवर २२० च्या वर जातो. मे महिन्यात इंदुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत याहूनही जास्त तापतं. सिलिंडर गाडीत सोडून खरेदीला जाऊ नका.

११. टाकीत २०० आहे, तरी माझा सिलिंडर २०० होत नाही. टाकीवाला फसवतो का?

नाही, दोन्हीकडचा दाब सारखा झाला की हवा थांबते. १० लिटरची २०० बारची टाकी आणि १०० वर आलेला ०.२ लिटरचा सिलिंडर जोडला, तर दोन्ही १९८ वर थांबतात. पुढच्याला १९६, त्यानंतर १९४. क्लबमध्ये सकाळी पाच-सहा जणांनी भरून घेतलं की तुमच्या वाट्याला १९० च्या खालीच येणार. सरावाला तेवढी हवा भरपूर आहे.

१२. गॅरेजच्या कॉम्प्रेसरने, ऑक्सिजनच्या टाकीने किंवा वेल्डिंगवाल्याकडून भरलं तर?

ऑक्सिजन कधीही, कुठल्याही परिस्थितीत नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब मिळाला की ठिणगीशिवाय पेट घेतो आणि सिलिंडर फुटतो. यात माणसं मरतात. वेल्डिंगवाल्याकडचे बाकीचे गॅसही नकोत. कार्बन डायऑक्साइडची रायफल वेगळी असते, तो गॅस हवेच्या सिलिंडरमध्ये घालायचा नसतो.

गॅरेजचा कॉम्प्रेसर जेमतेम ८-१० बार देतो, वर पाणी आणि तेल. फ्रिजचे कॉम्प्रेसर जोडून घरगुती जुगाड करणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. हवा हवी ती श्वास घेता येईल इतकी कोरडी आणि स्वच्छ, ओलावा काढणाऱ्या फिल्टरमधून आलेली. पावसाळ्यात तो फिल्टर कधी बदलला ते विचारायला लाजू नका.

१३. स्प्रिंगच्या रायफलमध्ये दोन थेंब तेल टाकलं की जोरात मारते. हे बरोबर आहे का?

ते तेल पेटतं म्हणून जोरात मारते. पिस्टनने हवा एकदम दाबली की ती तापते आणि शिलाईयंत्राचं किंवा तसलं कुठलंही खनिज तेल डिझेलसारखं जळतं. मोठा आवाज, नळीतून धूर, जळकट वास ही त्याची खूण. पिस्टनचं सील भाजतं, स्प्रिंग मोडते आणि वेग कुठे जाईल याचा नेम राहत नाही. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन तेल, सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलं तेवढंच. आणि छर्रा न घालता ही रायफल चालवू नका, पिस्टन थेट लोखंडावर आपटतो. कोरडा, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव करायचा असेल तर ड्राय फायरची सोय असलेली मॅच रायफलच वापरा.

१४. सिलिंडरची मुदत असते का? जुनी रायफल विकत घेतोय.

असते. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि मोठ्या कंपन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला बहुधा दहा वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर भरू नका. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी खेळाडूवर असते. जुनी रायफल घेताना नव्या सिलिंडरची किंमत त्यात धरूनच भाव करा.

१५. डबी उघडली तर छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी. वापरावेत का?

नाही. ओलाव्याने शिसं गंजलं आहे. ती भुकटी विषारी असते आणि तिने वजनही बदलतं. पावसाळ्यात डबी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. छर्रे पाण्याने धुऊ नका. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून परत डबीत टाकू नका. त्याची मागची पातळ कड चेपलेली असते, आणि तो नेमका स्पर्धेच्या दिवशी हाती येतो.

१६. शिशाची भीती बाळगावी का?

भीती नको, पण शिस्त हवी. छर्रे ओठांत धरायची जुनी सवय लगेच बंद करा. रेंजवर पोहे-कचोरी नको, बाहेर येऊन साबणाने हात धुऊन मग खा. छर्रे थांबवणाऱ्या पेटीजवळ झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती पेटी रिकामी करायला लावू नका.

१७. महिनाभर छान जमत होतं, अचानक गट फुटला. आधी काय तपासू?

या क्रमाने: काटा (दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या खाली गेला का), साइटचे आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू, डबीचा लॉट नंबर आणि शेवटी नळी. लॉट बदलला असेल तर बहुधा कारण तेच निघतं. लेबल एकच, पण साचा वेगळा असू शकतो. म्हणून जुळलेला लॉट सापडला की साठा करा. आठवड्याला ४०० छर्रे लागत असतील तर ५०० च्या दहा डब्या साधारण तीन महिने पुरतात.

नळी साफ करायची तर फेल्टचे दोन-तीन तुकडे मागच्या बाजूने घालून. त्यानंतरचे १०-२० छर्रे मोजायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू आवळला, डबी बदलली आणि नळीही पुसली, तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

१८. विमानाने स्पर्धेला जायचं आहे, सिलिंडर कसा न्यायचा?

रिकामा करून. भरलेला सिलिंडर सामानात चालत नाही. तिकीट काढतानाच विमान कंपनीला लेखी विचारा, उत्तर छापून बरोबर ठेवा आणि काटा शून्यावर दिसेल असा सिलिंडर केसमध्ये वर ठेवा.

१९. ताई आणि धाकटा भाऊ एकच रायफल वापरतात. दोघांना वेगळे छर्रे लागतील का?

नाही. छर्रा नळीला जुळतो, माणसाला नाही. बटची लांबी, गालाची पट्टी आणि साइटचे क्लिक मात्र दोघांचे वेगळे असतील. ते दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवा.